फळीच्या चाकाचा नट

लग्नाआधी नवरा-नवरीला नदीकाठी, उसाच्या बांधावरून, देवळाच्या पायऱ्यांवरून पळवायचं आणि त्याचं शूटिंग करायचं, हा आमचा धंदा. बारामतीत आमचा छोटा स्टुडिओ आहे. गिऱ्हाईक थेट इंदापूरपर्यंतचं. जोडी पळते तेव्हा कॅमेराही पळावा लागतो, म्हणून आम्ही बॅटरीवर चालणारा स्केटबोर्ड घेतला. लांबट फळी, चार चाकं, खाली मोटर. फळीवर मी उभी राहते. दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतलेले असतात, त्यामुळे रिमोट माझ्या नवऱ्याकडं असतो आणि तो अंगठ्यानं मला चालवतो. लग्नघरातली म्हातारी माणसं नवरीला सोडून माझ्याकडं बघत बसतात. नवऱ्याला मी लिहिताना अरे-तुरे करते, तोंडावर अहोच म्हणते.

गेल्या हिवाळ्यात पिंपळीजवळ कॅनॉलकडेच्या रस्त्यावर माझं एक चाक निखळलं आणि उसात गेलं. चाकाचा नट सैल होत होत पडला होता, तो काही सापडला नाही. माझं मनगट मोडलं. कॅमेरा वाचवला हे मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, तर नवरा रस्त्यावरच भडकला. मग हात प्लास्टरमध्ये असेपर्यंत सगळी शूटिंगं त्यानं ट्रायपॉडच्या तिपाईवर कॅमेरा ठेवून केली. कुणाची तक्रार आली नाही. मी मात्र घरी बसून ते व्हिडिओ बघायची आणि चिडचिड करायची. माणसं चौकटीत यायची आणि निघून जायची, कॅमेरा आपला जागच्या जागी. मला पुन्हा फळीवर उभं राहायचं होतं. घरात हे कुणालाच पसंत नव्हतं आणि कुणी तसं बोलतही नव्हतं.

प्लास्टर निघायच्या आत नवऱ्यानं चारही नट बदलले. हार्डवेअरच्या दुकानातून स्टेनलेस स्टीलचे आणले, आत नायलॉनचं कडं असलेले. गंज लागणार नाही म्हणून तो खूश. आमच्याकडं स्टीलवर लोकांचा फार जीव. भांडं असो की खिडकीचं ग्रील, स्टीलचं म्हटलं की विषय संपला. चाकं ज्या दांड्यावर बसतात तो एक्सलही स्टेनलेसचाच होता. प्रत्येक शूटिंगच्या आधी तो खाली बसायचा, जोर वाढावा म्हणून पान्याला लोखंडी नळी लावायचा आणि दातओठ खाऊन नट आवळायचा. मी अडवलं नाही. त्याला माझी काळजी आहे हे दिसत होतं, आणि आवळून झालं की त्याचं निदान समाधान तरी व्हायचं.

पुढं भिगवणला उजनीच्या पाण्याकडंला एक शूटिंग झालं आणि मागच्या चाकाच्या बेरिंगमध्ये वाळू गेली. चाक करकरायला लागलं, हलतंय हेही तेव्हाच लक्षात आलं. बेरिंग बदलायचं तर चाक काढायला हवं, आणि नट जागचा हलेना. तेल सोडून रात्रभर ठेवलं. गरम पाणी ओतलं. हातोडीनं ठोकून बघितलं. शेवटी नवऱ्यानं नळी लावून उलटा जोर दिला, तेव्हा एक्सलच पिळवटतोय असं मला वाटलं आणि मी त्याचा हात धरला. त्या बनावटीचा एक्सल आता कुठं मिळत नाही. तो मोडला की फळी भंगारात, आणि दुसरी फळी आणणार नाही हे नवऱ्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.

त्यानं पाना लगेच खाली ठेवला. जरा जास्तच लगेच. "ऱ्हाऊ दे," म्हणाला. "तिपाई हाय की."

दुसऱ्या दिवशी तो तिपाई घेऊन एका साखरपुड्याच्या शूटिंगला इंदापूरकडं गेला. मी फळी घेऊन शेजारच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात गेले. तोवर मोबाईलवर मी बरंच वाचून काढलं होतं. स्टेनलेसचा नट गंजून अडकत नाही. कोरड्या आट्यांवर कोरडे आटे जोरात घासले की वरचा पापुद्रा सोलवटतो आणि एकाचा धातू दुसऱ्याला चिकटतो. भराभर फिरवलं तर तापून आणखी लवकर चिकटतं. एकदा चिकटल्यावर तेल आत शिरायला जागाच उरत नाही, आणि जोर लावला की आणखी बिघडतं. मग नट कापायचा, एवढंच हातात राहतं. दुकानदार मी कापून देतो म्हणाला. मी नको म्हटलं, फक्त ग्राइंडर मागितला. एक्सल मोडणारच असेल तर तो माझ्या हातून मोडू दे, नाहीतर मी जन्मभर कुणाला तरी बोल लावत बसले असते.

चाक रबरासारखं मऊ असतं, ठिणग्यांनी जळतं. म्हणून त्याच्यावर ओलं फडकं गुंडाळलं. गुंडाळताना एक गोष्ट लक्षात आली. नट आणि चाक यांच्यामधला वायसर माझ्या नखानं फिरत होता. मी फडकं सोडून पुन्हा बघितलं. नट वायसरपर्यंत पोचलाच नव्हता. अलीकडंच आट्यांत चिकटून बसला होता, आणि नवरा नळी लावून इतके दिवस आवळत होता ते त्या चिकटलेल्या जागेलाच. चाकावर त्यातला जोर जराही येत नव्हता. चाक हलत होतं ते वाळूमुळं, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

मग मी नटाच्या एका अंगाला, एक्सलच्या दिशेनं, सरळ काप घेतला. आटे दिसायच्या आत थांबले, पाणी शिंपडलं, गार होऊ दिलं, पुन्हा थोडा घेतला. माझं मनगट दुखायला लागलं होतं. भीती वाटत होती ती वेगळीच: ग्राइंडरची चकती जरा आत गेली की फळीही गेली आणि माझं कामही. कापात छिन्नी धरून हळू ठोकलं, तसा नट तडकला. आतले आटे चुरगळलेल्या चांदीच्या कागदासारखे झाले होते. एक्सलचे आटे एका जागी दुखावले होते, ते त्रिकोणी कानशीनं साफ केले. बाकीचे तीन नट तेल देऊन, थोडं पुढं थोडं मागं करत, कुरकुरत का होईना निघाले. बेरिंग बदललं. नवे नट मी साध्या लोखंडाचे, जस्ताचा मुलामा दिलेले घेतले, आत नायलॉनचं कडं असलेलेच. आटे चिकटू नयेत म्हणून त्यांना तांब्याच्या रंगाची पेस्ट लावली, नट वायसरला टेकेपर्यंत हळूहळू फिरवले आणि मग छोट्या पान्यानं, नळी न लावता, आवळले. पावसाळ्यानंतर गंजले तर बदलता येतील.

संध्याकाळी नवरा आला. मी तडकलेला नट त्याच्या हातावर ठेवला आणि वायसरचं सांगितलं. तो बराच वेळ नट उलटासुलटा करत राहिला.

"मला वाटलं, ह्यो काय निगायचा न्हाय."

"वाटलं, का निगू नये असं वाटलं?"

त्यानं नट खिडकीत ठेवला. "निगू नये असंच वाटलं," म्हणाला.

मला राग आला, खूप आला.  पण त्यानं खोटं सांगितलं असतं तर तेही मला चाललं नसतं.

त्याच आठवड्यात भिगवणला दुसरी जोडी होती. पाण्याकडेचा लांब, सरळ रस्ता, सकाळचं ऊन. नवरदेवाच्या भावाला हौस होती, द्या रिमोट, मी चालवतो म्हणत होता. मी विचारात पडले. मी फळीवर नको असं ज्याला वाटतं, त्याच्याच अंगठ्यावर मी उभी राहणार होते. त्या पोराला मात्र मी पडले काय आणि नाही काय, सारखंच होतं. मी रिमोट नवऱ्याला दिला. त्यानं वाकून चारही चाकं हातानं हलवून बघितली. 

जोडी पळायला लागली. फळी निघाली, पण बैलगाडीसारखी. जोडी पुढं गेली, आणखी पुढं गेली, चौकटीत तिची पाठ लहान लहान व्हायला लागली. मी मागं वळून बघितलं नाही.

"अहो, वाडवा."

"पडशील."

"पडंन तर पडंन. तुमी वाडवा."

थोडं अंतर फळी तशीच रखडत गेली. मग पायांखालची फळी जोरात पुढं सरकली, मी गुडघे वाकवले, आणि जोडी हसत पुन्हा माझ्या चौकटीत आली.