नाना, तो का हसला?

"नाना, तो का हसला?"

टाइपरायटरवरची बोटं अधांतरी ठेवून तो मला विचारायचा. जळगावच्या आमच्या ऑफिसातला टायपिस्ट. कामाला असा चोख, की साहेबांच्या चुकाही गुपचूप दुरुस्त करी. पण समोरच्याच्या मनात काय आहे, ते काही केल्या त्याला उमगत नसे. खिडकीशी दोघं कुजबुजले, की कट शिजतोय. शिपायाने चहा उशिरा आणला, की मुद्दाम.

मग मी सांगायचो, "अरे, त्याला मुलगी झालीय, म्हणून हसतोय."

"नक्की?"

"नक्की."

की टकटक पुन्हा सुरू. दिवसातून दहा वेळा हे चाले. असे शंकेखोर लोक तुम्हीही पाहिले असतील. मीही म्हणायचो, स्वभाव आहे, दुसरं काय! स्किझोफ्रेनिया हा शब्द मी फार पुढे ऐकला.

एका हिवाळ्यात फैजपूरला, एका सहकाऱ्याच्या मळ्यात आमची भरीत पार्टी होती. भाजलेली वांगी सोलून माझी बोटं पोळलेली, डोळ्यांत धूर. तो शेजारी येऊन उकिडवा बसला. "नाना, ते का हसतात?" तिसऱ्यांदा विचारत होता. माझं टाळकं सरकलं.

"तुझ्यावरच हसतात बठ्ठे! झालं समाधान?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो, देवा! त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मान डोलावली आणि न जेवताच रस्त्याला लागला. "येईल परत," म्हणत मी पुऱ्या वाढायला घेतल्या.

सोमवारी त्याची खुर्ची रिकामी. मंगळवारीही.

महिन्याभराने मेहरूणला त्याच्या घरी गेलो. त्याची आई भडगावकडची, अहिराणी बोलणारी. म्हणाली, दार लावून बसतो, औषध घेत नाही, नोकरीही सोडली. मग माझ्याकडे बघून तिचा चेहरा उजळला.

"तो म्हनस, हापिसमा बठ्ठा खोटं बोलतस, एक नानाच खरं बोलनात. तुम्हीच ना त्या नाना?"

माझ्या तोंडून कसंबसं "हो" निघालं. तिने घाईने चहा टाकला, बशीभर शेव ठेवली. म्हणाली, तुमचं ऐकेल तो, दोन शब्द बोला.

आतलं दार चार पावलांवर होतं. थट्टा केली रे, माझं चुकलं, एवढंच सांगायचं होतं. पण मग त्याच्या लेखी खरं बोलणारं कोणीच उरलं नसतं, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं सांगू? मला लाज वाटली.

"पुन्हा येईन," म्हणालो आणि चहा संपवून निघालो.

पुढे माझी धुळ्याला बदली झाली. तो घरातून निघून गेला, हे तिथे कळलं. त्याची आई म्हणे कितीतरी दिवस ऑफिसात येऊन माझा पत्ता मागत होती.