अंगठेबहाद्दर संशोधक

शेतकी संशोधनाचं ग्रंथालय मी वाचवलं, असं माझ्या निरोप समारंभात सांगितलं गेलं. साफ खोटं. ते डाळ मिलच्या एका हमालाने वाचवलं.

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा दुष्काळ होता. तो हमाल आमच्या माठातलं पाणी प्यायचा आणि जाड ग्रंथ उशाला घेऊन घोरायचा. वाचकांअभावी ग्रंथालय बंद होणार होतं, म्हणून मी ग्रंथपाल रोज वहीत त्याचा अंगठा घेऊन पुढे 'संशोधक' लिहायचो.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यालाच हलवून विचारलं, "करडईवर माव्याची कीड कधी पडते?"

"आभाळ आलं की. त्याला पुस्तक कशाला लागतंय?"

साहेब खूश झाले, ग्रंथालय राहिलं. हमाल कधीतरी खरं सांगून बसेल, या भीतीने, त्याने येणंच सोडावं म्हणून दुसऱ्या दिवशी मी माठ लपवला. माठाची रिकामी तिवई पाहून तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मालक. अंगठा तरी घ्या."

अंगठा देऊन तो तहानलेलाच गेला.