वहिनीची झोप

सकाळी सव्वासहाला दादाचा फोन आला. मी गॅसवर दूध ठेवलं होतं. "शैला गेली," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "झोपेतच गेली गं... छान झोप लागली होती तिला." चार महिने वहिनीचा कर्करोग आम्ही सगळे पाहत होतो, त्यामुळे तो फोन अनपेक्षित नव्हता. अनपेक्षित होते ते नंतरचे तेरा दिवस. भेटायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक दारात चपला काढता काढता आवाज खाली आणून विचारायचे, "फिटच आली होती का हो शेवटी?" नाही. फिटला तिने तीस वर्षं स्वतःवर वरचढ होऊ दिलं नाही. हे कुणीतरी नीट सांगायला हवं, म्हणून सव्वा महिन्याने मी, तिची नणंद, लिहायला बसले आहे.

आम्ही तिला पाहायला लोणी काळभोरला गेलो तेव्हा मी कॉलेजात होते. तिचे वडील तिथल्या शाळेत शिक्षक. चहा झाला, पत्रिकेचं बोलणं निघालं, तेवढ्यात ती सरळ दादाकडे बघून म्हणाली, "मला एक सांगायचंय. मला फिट येते. गोळ्या रोज घेते, पण झोप पुरी झाली नाही तर गोळ्यांचंही काही चालत नाही. आठ तास झोप मिळाली की मी तुमच्यासारखीच." तिच्या वडिलांनी हातातला कप खाली ठेवला. लग्न लागेपर्यंत गप्प राहा, असं घरच्या सगळ्यांनी तिला बजावलं होतं, हे आम्हाला पुढे कळलं. परतताना बसमध्ये आई म्हणाली, "मुलगी खरं बोलली, मान्य. पण त्याने आजार जातो का?" दादा म्हणाला, "आजार जात नाही. पण ही आपल्यापासून काही लपवेल, ती काळजी जाते." तीन महिन्यांनी लग्न झालं.

आमच्या शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत वहिनी साडेनऊला झोपायला जायची. पाहुणे असोत, सण असो. शेजारच्या काकांनी एकदा विचारलंच, "साडेनऊला दिवे बंद? बिल भरलं नाही वाटतं." ती शांतपणे म्हणाली, "बिल भरलंय, दिवे मीच बंद करते." आम्हाला हसू यायचं, पण तिची ती शिस्त किती गरजेची आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदी चालली होती आणि ती उठायला लागली. मी तिचा हात धरला. "वहिनी, माझं लग्न एकदाच आहे. एक दिवस जागलीस तर काय बिघडतं?" ती बसली. आम्ही रात्री दोनपर्यंत भेंड्या खेळलो.

सकाळी कार्यालयात मी गौरीहराशी बसले होते, आणि समोरून अक्षतांचं तबक घेऊन येणारी वहिनी तबकासकट कोसळली. कुणी नाकाशी चप्पल धरली, कुणी दातांत चमचा घातला, त्यात तिचा पुढचा दात तुटला. तिला उचलून आतल्या खोलीत नेलं, तशी मी शालूतच मागे धावले. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. जीभ चावली गेली होती, शब्द नीट फुटत नव्हते. "लग्न लागलं का?" तिने विचारलं. "अजून नाही." "मग इथे काय करतेस?"

चार दिवसांनी मी माफी मागायला माहेरी गेले. ती म्हणाली, "तू म्हणालीस म्हणून मी जागले नाही. चारचौघांत वेगळं पडायला नको, असं वाटलं म्हणून जागले. पुन्हा नाही." आणि खरंच पुन्हा नाही. नंतरच्या प्रत्येक लग्नाला, प्रत्येक कोजागिरीला ती नऊ वाजता उठायची आणि "येते मी" एवढंच म्हणायची. सबब नाही, संकोच नाही.

तिची लेक ऋचा झाली तेव्हा खरी कसोटी होती. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या होत्या आणि बाळंतिणीला जागरण अजिबात नको, असं बजावलं होतं. बसमध्ये तो प्रश्न विचारणाऱ्या माझ्या आईने, बाळ घरी आलं त्याच संध्याकाळी पाळणा आपल्या अंथरुणाशेजारी ओढून घेतला. "रात्र माझी, दिवस तुझा," ती म्हणाली. वहिनी झोपण्यापूर्वी दूध काढून ठेवायची आणि आई रात्री ते वाटी-चमच्याने पाजायची. आठ महिने. वहिनी मला एकदा म्हणाली, "तिचं रडणं ऐकू येतं गं. ऐकू येत असताना उठायचं नाही, याच्याइतकं अवघड मी काही केलं नाही." सकाळी सहाला मात्र ती आईच्या हातातून लेक घ्यायची आणि आईला जबरदस्तीने झोपायला लावायची.

पुढे ती एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून लागली. तिथे रात्रपाळी सक्तीची होती. तिने आजार लिहून दिला, डॉक्टरांचं पत्र जोडलं. अर्ज तीनदा परत आला. साहेब म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखाच आहे, मॅडम." तिने चौथा अर्ज टेबलावर ठेवला. "रात्र सोडून काहीही द्या. सगळे रविवार मला द्या. दिवाळी द्या." त्यांनी दिले, बहुधा ती कंटाळेल या आशेने. एकोणीस वर्षं ती रविवारी कामावर गेली. लक्ष्मीपूजन आमच्याकडे तिची ड्युटी संपल्यावर व्हायचं.

फिट कायमची गेली, असं मी म्हणणार नाही. आई गेली त्या आठवड्यात आली, एकदा तापात आली. वहिनी उठली, गोळी घेतली, झोपली आणि तिसऱ्या दिवशी कामावर गेली.

गेल्या रविवारी मी कर्वेनगरला, दादा-वहिनींनी नंतर घेतलेल्या फ्लॅटवर गेले. दादाने घर रंगवायला काढलंय. झोपायच्या खोलीचं दार आतून लावलं तेव्हा त्याच्या मागे एक कागद दिसला, चिकटपट्टी पुन्हा पुन्हा लावलेला. मी तो कधी पाहिला नव्हता. वहिनीचं गोल अक्षर: "मी पडले तर घाबरू नका. कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालू नका. घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखान्यात न्या." त्याखाली, वेगळ्या शाईने, नंतर कधीतरी लिहिलेलं: "शुद्धीवर आले की आधी तुमचं नाव सांगा. मला वेळ लागतो, पण आठवतं."

रंगारी ब्रश घेऊन आत आला. दादा म्हणाला, "अहो, भिंती करा. त्या दाराला हात लावू नका."