चाचांनी न प्यालेला गहवा

जगात कुठेही, कुणाच्याही हातून काही चुकलं की त्याची लाज आमच्या चाचांना वाटायची. चुकणाऱ्याला वाटो न वाटो. सुपरमार्केटमध्ये दुसऱ्याच कुणाच्या ट्रॉलीचा धक्का लागून डब्यांचा मनोरा कोसळला की चाचा खाली बसून डबे गोळा करायचे आणि उभं राहून कॅशियरची माफी मागायचे. लिफ्ट आमच्या मजल्यावर उगाचच थांबली आणि कुणी आत शिरलं नाही, तर आतल्या लोकांना "सॉरी हां, सॉरी" म्हणायचे. टीव्हीवर कुणा स्पर्धकाला उत्तर आलं नाही की ते पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जायचे. क्रिकेटमध्ये समोरच्या संघाने झेल सोडला तर सगळं ऑफिस टाळ्या वाजवायचं आणि चाचा मान खाली घालून म्हणायचे, "त्याच्या घरचे बघत असतील रे."

चाचा माझे नातेवाईक नव्हेत. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातले, तिथल्या मदरशात अरबी शिकलेले, तरुणपणी जेद्दाच्या बंदरात कारकुनी केलेले आणि केस पांढरे झाल्यावर रियाधमध्ये आमच्या भाषांतराच्या ऑफिसात दुभाषे म्हणून बसलेले. मी जतची. वडील एस.टी.च्या डेपोत गाड्या धुवायचे. आमच्या घराण्यात कॉलेजचा दरवाजा पहिल्यांदा ओलांडला तो मी. नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे रियाधला आले आणि या ऑफिसात मसुदे टाइप करायला लागले. पहिल्या दिवशी माझे कागद बघून चाचा इतके खूश झाले, की मी त्यांच्यासाठी कायमची 'ग्रॅज्युएट बाय' झाले. बाय म्हणजे त्यांच्याकडे लेक.

मला इंग्रजी लिहिता येत असे, पण चार माणसांत शब्द अडला की कानापर्यंत लाल व्हायचे. चाचांना ते लांबूनच कळायचं. ते स्वतःच कपाळावर हात मारून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "बघ, म्हातारा झालो. या शब्दाचा अर्थच गेला डोक्यातून. ग्रॅज्युएट बाय, जरा डिक्शनरीत बघ गो." मग मी उजळ माथ्याने शब्द शोधायचे. त्यांना तो शब्द येत होता हे मला माहीत असायचं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही. आम्ही दोघांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. माझ्या वाटणीची लाज ते अशी परस्पर भरून टाकायचे आणि मी त्यांना साधं 'थँक यू' म्हणू शकत नव्हते. म्हटलं असतं तर त्यांनाच लाजल्यासारखं झालं असतं.

स्वतःसाठी काही मागणं मात्र त्यांना साफ जमत नसे. हॉटेलात सुरमई मागवावी आणि मटण यावं, तर डॉक्टरने मटण बंद केलेला हा माणूस मुकाट्याने मटण खायचा. का, तर "परत पाठवलं तर त्याला ओरडा बसेल." त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे रहिवासी परवान्यावर, व्यवसायाच्या जागी जामीनदार कफीलाच्या माणसाने चुकून 'मेंढपाळ' असं लिहिलं होतं. दुरुस्तीला गेलं तर खिडकीतल्या माणसाला चूक दाखवावी लागेल, या विचारानेच त्यांना घाम फुटे. त्यामुळे वर्षानुवर्षं सूट घालून मोठमोठ्या बैठकांना जाणारे चाचा कागदोपत्री मेंढ्या राखत होते. एकदा आम्ही चौघं त्यांच्या गाडीत असताना पोलिसाने इकामा पाहिला, टायकडे पाहिलं आणि विचारलं, "मेंढ्या कुठे आहेत?" चाचांनी ओशाळून उत्तर दिलं, "आज त्यांना सुट्टी आहे." पोलीस इतका हसला की त्याने आम्हाला जाऊ दिलं. चाचा मात्र पुढचे दोन सिग्नल आरशात मागे बघत होते. "खोटं बोललो गो," ते शेवटी म्हणाले.

अशा माणसाला आमच्या मॅनेजरने आपल्या आणि तिथल्या, अशा दोन देशांच्या वाटाघाटींना पाठवलं आणि कागद सांभाळायला मला सोबत दिलं. एकमेकांच्या बंदरांत युद्धनौकांनी सदिच्छा भेटीला कसं यायचं, याचा तो करार होता. आधी किती दिवस कळवायचं, एका वेळी किती जहाजं, जहाजावरचा कचरा कुणी उचलायचा, नौसैनिकांनी गावात जायचं ते कुठल्या गेटने आणि बाजारात मारामारी झाली तर निवाडा कुणी करायचा. काय ठरलं ते सांगायची मला परवानगी नाही, आणि सांगितलं तरी तुम्हाला जांभई येईल. कचऱ्यावरच आमची एक अख्खी सकाळ गेली होती.

तिथे दर थोड्या वेळाने गहवा यायचा. वेलदोडा घातलेली फिकट कॉफी, बिनकानाच्या इवल्याशा फिंजानात. पुरे झालं की फिंजान हलवून दाखवायचा. नाही हलवला तर वाढणारा भरतच राहतो. पहिल्याच बैठकीत आपल्या बाजूच्या प्रमुखांनी फिंजान घेतला आणि न पिता टेबलावर ठेवून दिला. समोर यजमानांचे प्रमुख, पांढऱ्या दाढीचे एक शांत गृहस्थ, बोलता बोलता थांबले. त्यांनी अदबीने काहीतरी विचारलं. चाचांनी इंग्रजीत सांगितलं, "ते विचारतात, पाहुण्यांची काय मागणी आहे?"

"मागणी? कसली मागणी?" आपले प्रमुख गडबडले.

यजमानांनी हसून समजावलं. त्यांच्या वाडवडिलांची रीत अशी, की ज्या पाहुण्याला काही मागायचं असेल तो गहवा न पिता समोर ठेवतो. मग यजमान म्हणतो, 'तुमचा गहवा प्या.' म्हणजे मागणी मान्य.

"अहो, मला फक्त ॲसिडिटी आहे!" आपले प्रमुख म्हणाले. चाचांनी ते अरबीत सांगितलं, सगळे हसले, कुणीतरी गोळीही आणून दिली. हसले नाहीत ते एकटे चाचा. परतताना गाडीत ते पुटपुटत होते, "त्या भल्या माणसाने केवढ्या आदराने विचारलं, आणि आपण त्याला पोट दाखवलं."

मसुदा पुढे सरकत गेला. आजारी पडून बंदरात मागे राहिलेल्या नौसैनिकाबद्दल दोनच ओळी होत्या: त्याला इस्पितळात ठेवायचं, बरा झाला की विमानाने परत पाठवायचं. दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या. त्या दुपारी चाचा जेवले नाहीत.

"काय झालं, चाचा?"

"त्या कलमात काय नाय, ते बघ."

मी पुन्हा वाचलं. "डॉक्टर आहे, औषध आहे, विमान आहे. काय नाही?"

"माणूस नाय." मग कॅन्टीनच्या मिठाच्या डबीशी चाळा करत त्यांनी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ नौदलात कुक होता. लांबच्या कुठल्याशा बंदरात त्याचं अपेंडिक्स निघालं. जहाज ठरल्या वेळी सुटलं, हा इस्पितळात राहिला. "इलाज झकास केला त्यांनी, नाव ठेवायला जागा नाय. पण इस्पितळ लष्कराचं. बाहेरच्या माणसाला आत सोडायचा नियमच नव्हता. गावात आपली माणसं होती गो, गेटपर्यंत येऊन परत गेली. याला पेज हवी होती. पेज! आता खुणेनं पेज कशी मागणार, तू सांग?"

त्यांनी खरोखर हातांनी पेज दाखवायचा प्रयत्न केला. मला हसू आलं. त्यांनाही आलं, आणि मग त्यांचे हात तसेच टेबलावर पडून राहिले.

"घरी आला तेव्हा बरा होऊन आला. पण बोलणं कमी झालं त्याचं. शेवटपर्यंत कमीच राहिलं."

"मग सांगा ना साहेबांना, एक ओळ घाला म्हणून."

"मी?" चाचा दचकलेच. "दुभाष्याला स्वतःचं तोंड नसतं, बाय. दोन देश बोलतायत, त्यात हा कोण मेंढपाळ? लाज नाय वाटणार?"

शेवटच्या बैठकीत सगळी कलमं वाचून झाली, आपल्या प्रमुखांनी पेनाला टोपण लावलं आणि गहवा आला. सगळ्यांनी घेतला. चाचांनी फिंजान हातात घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि हळूच टेबलावर ठेवला.

मला आधी वाटलं, बरं नाहीये. मग लक्षात आलं. शाळेत पाहुण्यांसमोर वडील डेपोच्या कपड्यांत आले होते, तेव्हा वाटलं होतं तसं वाटलं. हे माझ्यासोबत आलेले नाहीत असं कुणीतरी समजावं. "चाचा, प्या ना," मी कुजबुजले. ते हलले नाहीत. त्यांचे कान लालबुंद झाले होते. यजमानांचं लक्ष कागदात होतं; पण गहवा वाढणारा जिथल्या तिथे थबकला, सुरई हातात तशीच. तो का उभा आहे हे बघायला यजमानांनी मान वर केली. हळूहळू सगळं टेबल त्या एका फिंजानाकडे बघायला लागलं.

"यांनाही ॲसिडिटी?" आपल्या प्रमुखांनी मला हळूच विचारलं.

यजमान अरबीत काही बोलले. सवयीने चाचांनी लगेच भाषांतर केलं, आवाज अगदी सपाट: "यजमान विचारतात, दुभाष्याला काय हवं आहे?"

"हो, काय हवंय?" आपले प्रमुख म्हणाले. चाचांनी तेही इमानाने अरबीत सांगितलं. मग मात्र ते अडकले. दोन्ही बाजूंनी प्रश्न त्यांनाच विचारला होता आणि भाषांतर करायला काही उरलं नव्हतं.

"दुभाषा माफी मागतो," ते इंग्रजीत म्हणाले आणि मग अरबीत. प्रत्येक वाक्य दोनदा, जणू बोलणारा तिसराच कुणी होता. "दुभाष्याला एक ओळ हवी आहे. मागे राहिलेल्या आजारी माणसाला, त्याची भाषा बोलणाऱ्या माणसाला भेटू द्यावं. दुभाष्याला लाज वाटते आहे. पण त्याला ही ओळ हवी आहे."

यजमानांनी आपल्या प्रमुखांकडे पाहिलं. आपले प्रमुख घसा साफ करून म्हणाले, "आमची हरकत नाही." तेव्हा ते पांढऱ्या दाढीचे गृहस्थ चाचांकडे वळले आणि म्हणाले, "तुमचा गहवा प्या."

याचं भाषांतर चाचांना करता आलं नाही. त्यांनी थंडगार गहवा एका घोटात संपवला आणि गोंधळात फिंजान हलवायचं विसरले. वाढणाऱ्याने पुन्हा भरला. चाचांनी प्यायला. त्याने पुन्हा भरला. 'पुरे' म्हणायचीही लाज वाटत असल्यासारखे ते पीतच राहिले, शेवटी वाढणाऱ्यालाच दया आली.

सह्यांच्या समारंभाला ते आत आले नाहीत. पँट्रीत बसून राहिले. दुभाष्याने मध्ये तोंड घातल्याचं मॅनेजरच्या कानावर गेलंच. त्यानंतर चाचांना कुठल्याही बैठकीला पाठवलं नाही, जन्मदाखल्यांची भाषांतरं दिली. मी चिडले तर मलाच म्हणाले, "बरोबर केलं त्याने. त्याला किती ओशाळं वाटलं असेल." काही महिन्यांनी ते कायमचे गावी गेले. निरोपाच्या भाषणांची लाज म्हणून कुणाला तारीखही सांगितली नाही. सकाळी माझ्या टेबलावर फक्त हुफूफच्या खजुराचा डबा होता.

पुढे नवऱ्याची दम्मामला बदली झाली. गेल्या हिवाळ्यात ओळखीतून फोन आला: भेटीला आलेल्या जहाजावरचा एक नौसैनिक इस्पितळात मागे राहिला आहे, मराठी माणूस हवा आहे. गेटवरच्या पहारेकऱ्याने कुणाला तरी फोन लावला, समोरचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मला आत सोडलं. खाटेवर देवगडकडचा एक तरुण होता. मला बघून उठायला लागला. "कशाला त्रास घेतलात, ताई. मला काही नको." पाणी नको, फळं नको, घरी फोनही नको.

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन चाचांना फोन लावला.

"काही नको म्हणतो?" चाचा म्हणाले. "लाजत असेल मेला. विचार त्याला, पेज हवी काय."

मी आत जाऊन विचारलं. त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाला, "मीठ थोडं जास्त घाला."

"हवी म्हणतो," मी फोनवर सांगितलं, "पण चाचा, मी घाटावरची, जतची. मला पेज येत नाही." हे सांगताना मला जराही लाज वाटली नाही.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"घरी जा," ते म्हणाले. "उकडा तांदूळ घे. मी सांगतो."

घरी पेज शिजेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. मी तो ओट्यावर उभा करून ठेवला होता. मधूनच तिकडून कोंबडं आरवायचं, आणि चाचा विचारायचे, "मऊ झाली काय गो?"