काकू, हात!

इस्पितळाच्या लाँड्रीतल्या मुकादमाला सगळे भोंगा म्हणायचे. तळघरातली धुलाईची यंत्रं दिवसभर अशी धडधडत की तिथे कुजबुज हा प्रकारच कुणाला परवडत नसे, आणि भोंगा त्या सगळ्या यंत्रांच्या वर बोलायचा. घरी गेला तरी आवाज उतरायचा नाही. एकदा जेवताना त्याने मीठ मागितलं, तर शेजारीण वाटी घेऊन दारात हजर. "अहो, जरा हळू बोला," बायको म्हणाली. "हळूच बोललो!" तो ओरडला, तशी शेजारीण आणखी दोन पावलं मागे सरकली.

त्याच्या ओरडण्याचा सगळ्यात मोठा वाटा काकूंना. काकू गरम रुळांच्या यंत्रापाशी उभ्या राहत. ओली चादर एका बाजूने आत सरकवायची, दुसऱ्या बाजूने ती वाळून, सपाट होऊन बाहेर यायची. चादर सरकवताना बोटं जरा पुढे गेली की भोंगा असेल तिथून गरजायचा, "काकू, हात!" नवीन माणसाला वाटे, काय हा माणूस, आईच्या वयाच्या बाईवर खेकसतो!

अहो, खेकसतो कसला! काकूंना ऐकू येईनासं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी यंत्राची धोक्याची घंटा घणघणली आणि काकू जागच्या हलल्या नाहीत, तेव्हा ते भोंग्याच्या लक्षात आलं. आता वर कचेरीत कळलं, तर गरम यंत्रापुढे अशा बाईला कोण उभं करणार? नवरा अंथरुणाला खिळलेला, घर सगळं काकूंच्या जिवावर. भोंग्याने ठरवलं, घंटा आपणच व्हायचं. हे त्याने बायकोखेरीज कुणाला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं म्हणजे शेजारणीलाही कळलंच असणार, पण ते सोडा.

अशात सूचना आली, की बुधवारी लाँड्री तासभर बंद राहील आणि एक बाई येतील. या बाई इस्पितळातल्या एकेका खात्याला खुर्च्यांचा गोल करून बसवत, आणि आपण काम कसं करतो, एकमेकांशी कसं वागतो, यावर सगळ्यांना बोलतं करत. वरच्या नर्सना त्या फार आवडल्या होत्या. लाँड्रीत त्या यायच्या आधीच त्यांचं नाव पडलं, गोलवाल्या बाई.

बुधवारी यंत्रं थांबली. एवढी शांतता झाली, की ड्रायरवाल्याचं पोट गुडगुडलेलं सगळ्यांनी ऐकलं. गोलवाल्या बाई हसून म्हणाल्या, "आज इथे प्रत्येकाने मोकळं व्हायचंय."

झालं! भोंग्याने खुर्ची जरा मागे सरकवली. मागच्याच महिन्यात कचेरीने स्वयंपाकघरातल्या दोघांना 'मोकळं केलं' होतं. बिचारे अजून काम शोधत फिरत होते. आणि ही बाई हसतहसत सांगतेय, प्रत्येकाने!

"घाई नाही," बाई म्हणाल्या. "ज्याला आधी मोकळं व्हायचंय, त्याने व्हावं."

कोण होतंय! सगळे आपापल्या चपला न्याहाळू लागले. बाईंनी विचारलं, "बरं, इथे काम करताना कसं वाटतं?"

"छान," ड्रायरवाला म्हणाला.

"छान," घड्या घालणारी म्हणाली. "फारच छान."

बाई काकूंकडे वळल्या. "काकू, तुम्हाला सगळ्यात जड काय जातं?"

भोंगा ताडकन उठला आणि काकूंच्या कानाशी गरजला, "काकू! जड! काय! जातं!" बाईंच्या हातातलं पेन खाली पडलं.

"ब्लँकेटं," काकू कान चोळत म्हणाल्या. "ओली असली की."

"मुकादम, काकूंना बोलू द्या ना. आणि जरा हळू," बाई म्हणाल्या. मग काकूंना विचारलं, "मुकादम ओरडतात, त्याचं तुम्हाला काय वाटतं?"

आली का पंचाईत! ओरडावं तर बाईंना संशय, न ओरडावं तर काकूंना पत्ता नाही. काकू तर नुसत्या हसत बसलेल्या. संपलं सगळं, भोंग्याला वाटलं. तो बाईंपाशी गेला, वाकला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"बाई, पाया पडतो तुमच्या. काकूंना मोकळं करू नका. त्यांना ऐकू येत नाही, पण माझं लक्ष असतं. कुणाला घालवायचंच असेल तर मला मोकळं करा. मी काय, बाजारात ओरडून काहीही विकेन."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, मोकळं व्हा म्हणजे मनातलं बोला! कुणाला कामावरून काढायचं नाहीये. माझाच शब्द चुकला हो."

"आणि ऐकू कुणाला येत नाही रे?" मागून काकू म्हणाल्या. त्यांनी कानावरचे केस बाजूला केले. कानामागे इवलंसं यंत्र होतं. "लेकीने घेऊन दिलंय. वर्ष झालं."

भोंग्याने वाकून ते यंत्र नीट पाहिलं. मग कसाबसा म्हणाला, "म्हणजे वर्षभर मी उगाच घसा फोडतोय?"

"छे रे. कामावर आले की हे काढून खिशात ठेवते. तू आणि हे, दोन्ही एकदम कुणाला सोसवेल? आज यंत्रं बंद, म्हणून घातलं."

"मग सांगायचं तरी मला!"

"काय सांगू?" काकूंनी हात मांडीवर ठेवले. "घरी सगळे माझ्या हातचं खातात, पण हाताकडे कुणी बघत नाही. इथे दिवसभर कुणीतरी बघतं. तेवढं कशाला बंद पाडू?"

भोंग्याला रडू आवरेना. रडला तोही असा, की वरच्या मजल्यावरून माणूस चौकशीला आला.

मग मात्र सगळेच बोलू लागले. घड्या घालणारी म्हणाली, घंटेच्या जोडीला लाल दिवा लावून मागू. बाई म्हणाल्या, मागा, मी पण सांगते. तासाचे दोन तास झाले.

दिवा लागला, त्या दिवशी भोंगा ठरवूनच आला होता, आता सभ्य माणसासारखं बोलायचं. तसं त्याने काकूंना सांगितलंही, म्हणून त्यांनी कानामागचं यंत्र काढलं नाही. यंत्रं धडधडू लागली. काकूंची बोटं जरा पुढे गेली. "काकू, हात," तो हळूच पुटपुटला. त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही.

काकूंनी त्याचे हललेले ओठ पाहिले. रुळांचं यंत्र थांबवलं, कानामागचं काढलं आणि खिशात टाकलं.

"हं," त्या म्हणाल्या. "आता ओरड."