मास्तरांच्या पँटीची कड

गल्लीभराच्या पँटी शिवणाऱ्या टेलरमास्तरांच्या स्वतःच्या पँटीची कड मात्र कायम कुरतडलेली. दिवेलागणीला त्यांचा म्हातारा कुत्रा तीच ओढून त्यांना मशीनवरून उठवायचा. कुत्रा गेला आणि मास्तर घरी जायचं नावच काढेनात. "मला काय धाड भरलीय? काम आहे!" असं म्हणत चांगलं शिवलेलंच उसवत बसायचे.

शेवटी एका संध्याकाळी बायको दुकानात आली, खाली वाकली आणि तिनं ती कड धरून ओढली.

"उठताय, की भुंकू आता?"

मास्तर खो खो हसले आणि हसता हसता पोटभर रडले. मग डोळे पुसून त्यांनी शटर ओढलं.

"उद्याही ये. आणि ही कड तेवढी शिवू नकोस गं."

"येईन. पण पट्टा घालून घेणार नाही हं!"