बारादरी उतरवण्याचा अर्ज

दिलावर फोटोवाल्याबद्दल आमच्या कसब्यात आजही एकच गोष्ट सांगतात: त्यानं अर्ज करून हौदबागेतली बारादरी पाडून घेतली. वाक्य लहान आहे म्हणून टिकलं. खरी हकीकत लांबलचक आहे. तिच्यात अर्ज आहेत, शेरे आहेत, आणि माझे वडील आहेत, त्यामुळे ती कुणी सांगत नाही. मी सांगते.

आमचा कसबा मंगरूळपीर-कारंजा रस्त्यावरचा. गावाबाहेर जुनी हौदबाग, हौदाच्या काठावर बारा दारांची दगडी बारादरी, आणि तिच्या आग्नेय अंगाला एकाच शिळेतून कोरलेली जाळी. बांधली कुठल्या सुभेदारानं यावर पारावर वाद होत. जाळी कुणी कोरली यावर वाद नव्हता, कारण ते विचारलंच नव्हतं कुणी. ती दिलावरच्या आईच्या आजानं कोरली होती. आई सुलतानबी; तिचा आजा संगतराश, म्हणजे दगड कोरणारा, बापही संगतराश. लहानपणी ती बापाची भाकर घेऊन बागेत जायची. थंडीत सूर्य दक्षिणेला कलला की सकाळी घटकाभर ऊन त्या जाळीतून आत शिरे आणि सगळ्या फरशीवर चांदण्या पडत. पौषाच्या आगेमागे आठ-दहा दिवसच. बाप जेवेपर्यंत पोर त्या चांदण्यांत बसून राही.

१९३४ साली सुलतानबी ओट्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि बाजेवर खिळली. तिनं मुलाकडे मागितलं एवढंच: साऱ्या गावाला उतरवतोस, ती फरशी एकदा उतरवून मला दाखव.

‘उतरवणे’ हा शब्द नीट लक्षात ठेवा. आमच्याकडे तेव्हा फोटो कुणी ‘काढत’ नसे. तसबीर उतरवत. नवरदेव उतरवला, म्हातारा आजारी पडायच्या आधी उतरवून घेतला, असंच बोलत. यात कुणाला हसू येत नव्हतं.

दिलावर पस्तिशीचा, उंच, सावळा, बोलायला कमी. बाप कलईगर. यानं मात्र यात्रेत तंबूचा सिनेमा दाखवणाऱ्या एका पारशाच्या हाताखाली तीन वर्षं काढली आणि येताना त्याचा जुना, तीन पायांचा, काचेच्या प्लेटांचा क्यामेरा घेऊन आला. उर्दू आणि मराठी दोन्ही लिहायचा. अक्षर चांगलं. सही तर अशी वळणदार की लोक त्याच्याकडून आपल्या नावाची नक्षी काढून घेत.

आता वाटेल, गावातला माणूस, गावातली बाग, जा आणि उतरव. तसं नव्हतं. तीस साली जंगल सत्याग्रहाच्या दिवसांत बागेत सभा झाली, तिची तसबीर कुठल्याशा वर्तमानपत्रात आली, आणि फाटकावर पाटी लागली: ‘परवानगीशिवाय सभा, मेळे, तमाशे व तसबिरा मना आहेत.’ परवानगी द्यायची बाग कमिटीनं, पण मंजूर करायची वरच्या कचेरीनं. एका बाहेरगावच्या फोटोवाल्याचा क्यामेरा जप्त झाला तो वर्षभर सुटला नाही. दिलावरकडे एकच क्यामेरा होता.

नियम सगळ्यांना सारखा होता असंही समजू नका. माझे वडील मारोतराव कमिटीचे मेंबर. त्यांनी एका दौऱ्यावरच्या साहेबाला बागेत चहा दिला, शामियाना ठोकला, सनई लावली. अर्जाचा चिटोराही लागला नाही. तसबिरीसाठी दिलावरला बोलावलं, पण परवानगी ‘माणसांची’ म्हणून क्यामेरा बारादरीकडे पाठ करून ठेवायला लावला. सोमला चौकीदार त्याच्या मागे उभा, नजर ठेवायला. मी खुर्च्यांच्या मागे उभी होते. दिलावर काळ्या कपड्याखालून बाहेर आला आणि मान वळवून नुसता जाळीकडे बघत राहिला. सोमला म्हणाला, “पाह्याले मनाई नाई, भाई. पाहून घ्या.”

दिलावरनं दोन अर्ज केले. दोन्हींत लिहिलं: बारादरीची तसबीर उतरवण्याची परवानगी मिळावी. दोन्ही कमिटीच्या कारकुनानंच परत केले. शेरा एकच: ‘तसबिरा मना आहेत. पाटी पाहावी.’ म्हणजे परवानगी मागितली तर पाटी दाखवायची, आणि पाटीवर लिहिलेलं की परवानगी मागा.

तिसरा अर्ज पस्तीस सालच्या दिवाळीत झाला. मी नागपूरहून कॉलेजच्या सुटीत आले होते. पोस्टात जाताना लिंबाखाली नानाजी अर्जनवीस आणि दिलावर बसलेले दिसले. नानाजींची त्या झाडाखाली तीस वर्षं गेली होती आणि कचेरीला आपणच चालवतो अशी त्यांची समजूत होती.

“ये प्रयाग,” त्यांनी हाक मारली. “वाच. असा अर्ज नागपुरातबी कोनी लिवत नसन.”

मी वाचला. ‘हौदबागेतील बारादरी जाळीसह उतरवून घेण्यास अर्जदारास परवानगी मिळावी. खर्च अर्जदार सोसेल. काम सकाळच्या वेळी, एका दिवसात उरकेल. बागेत येणाऱ्या मंडळींस उपद्रव होणार नाही.’

“तसबीर कुठे आहे यात?” मी विचारलं.

“नाई ठेवली. थोच शब्द पाहून कारकून अर्ज फेकते. दोनदा फेकला. आता शब्दच नाई, तं काय पाहून फेकन?”

“पण उतरवायचं म्हणजे काय, हे वरच्याला कळायला नको?”

“साऱ्या वऱ्हाडाले कयते. तुया कालिजाले कयत नसन तं थ्याले मी काय करू?”

दिलावर हसला. “ताई, तुमी म्हनसान तं बदलवतो.”

नानाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी ‘क्यामेऱ्यानं’ एवढा एक शब्द घालायला सांगितला असता तर काम झालं असतं. पण टपाल निघायची वेळ झाली होती, म्हाताऱ्याशी वाद घालायचा कंटाळा होता, आणि खरं सांगायचं तर त्या अर्जाची मला गंमत वाटली होती. “राहू द्या,” मी म्हणाले. दिलावरनं आपली वळणदार सही केली. वसतिगृहात परत गेल्यावर मैत्रिणींना हा किस्सा मी दोन वेळा सांगितला. दोन्ही वेळा सगळ्या हसल्या.

वरच्या कचेरीत कारकून वऱ्हाडातला नव्हता. त्याच्या गावी छप्पर उतरवतात, भिंत उतरवतात, म्हणजे दगड-लाकूड जपून मोडून खाली घेतात. अर्जाचं इंग्रजी करताना त्यानं तेच लिहिलं. साहेबाला आनंदच झाला असणार. बारादरीचा चुना झडत होता, दुरुस्तीला मंजुरी नव्हती, आणि इथे एक माणूस स्वखर्चानं, सकाळी सकाळी, कुणाला त्रास न देता ती मोडून द्यायला तयार. परवानगी पंधरा दिवसांत आली. आमच्याकडे कुठलाही कागद पंधरा दिवसांत येत नसे. तिथेच शंका यायला हवी होती.

कागद इंग्रजीत, म्हणून तो माझ्या वडिलांनी वाचायचा होता. दिलावर आमच्या ओसरीवर आला. पुढचं मी त्याच्याकडून ऐकलं, आणि वडिलांनी ते कधी नाकारलं नाही.

“झालं तुयं काम,” ते म्हणाले. “मंजूर.”

“मुदत लिवली काय, मारोतराव? मले ऊन पौषात भेटते. आजून महिना हाय.”

“तीस दिवस.”

“मंग कसं कराव?”

“अरे, चार-आठ दिवस इकडं का तिकडं. कोन इचारते?”

आमच्या भागात या वाक्यावर लग्नं लागतात, विहिरी खोदल्या जातात, निवडणुका होतात. दिलावरनंही ते प्रमाण मानलं. कागद आईला दाखवला, घडी करून खिशात ठेवला आणि ऊन यायची वाट पाहू लागला. कागदात पुढे लिहिलं होतं की मुदतीत अर्जदारानं बांधकाम न उतरवल्यास कचेरी ते स्वतः उतरवून घेईल.

डिसेंबरात मुदत संपली आणि चौथ्या दिवशी हरिसिंग ठेकेदार माणसं घेऊन बागेत आला. दिलावर नेमका दोन दिवस मंगरूळपीरला एका लग्नात होता. परतला तो मुक्कामाच्या मोटरनं, उजाडताच क्यामेरा खांद्यावर घेऊन थेट बागेत गेला. बारादरीचं छत गेलं होतं, सात खांब आडवे होते. जाळी तीन तुकड्यांत हौदाच्या काठाला टेकवलेली. मोकळ्या फरशीवर सरसकट ऊन पडलं होतं.

“हे काहून पाडून राह्यले?” त्यानं विचारलं.

“तुयाच अर्जावर पाडून राह्यलो,” हरिसिंग म्हणाला. “तू नाई उतरवली, मंग मले सांगतलं. मले वाटलं तुले दगड पाह्यजे. घर बांधून राह्यला काय?”

दिलावरनं कागद काढला, हरिसिंगनं आपला हुकूम काढला. सोमलानं दोन्ही कागद शेजारी धरले. नंबर एकच.

“मले तसबीर उतरवाची होती.”

“तं तसं लिवाचं ना, लेका.”

“तसं लिवलं तवा वापस आलं. दोन खेप.”

हरिसिंग वाईट माणूस नव्हता. त्यानं माणसं थांबवली, म्हणाला, उरलेले पाच खांब तरी उतरवून घे. दिलावरनं क्यामेरा खांद्यावरून खालीसुद्धा ठेवला नाही. घरी गेला.

मी नाताळच्या सुटीत आले तेव्हा तिथे नुसता चौथरा होता. दिलावरकडून कागद मागून घेतला आणि वडिलांसमोर धरला. ‘डिसमँटल’ हा शब्द त्यात तीनदा होता.

“तुम्ही हा वाचला होता?”

“परमिटेड वाचलं.”

“त्याच्या पुढे?”

“पुढं साहेबाची सही होती.”

एवढं बोलून ते जेवायला बसले. मी नानाजींकडे गेले तर ते म्हणाले, “मराठी बरोबर व्हती. इंग्रजी ज्यानं केली थ्याले इचार.” कमिटीनं ठराव लिहिला: ‘अर्जदाराच्या विनंतीनुसार काम झाले.’ कुणीच खोटं लिहिलं नव्हतं. मी मराठीत आणि इंग्रजीत सविस्तर तक्रार लिहिली, दिलावरच्या नावानं. चार महिन्यांनी उत्तर आलं: अर्जदाराची इच्छा पूर्ण झाली असल्यानं तक्रारीस कारण दिसत नाही. दिलावरनं जाळीचा एक तुकडा तरी आईसाठी न्यावा म्हणून कमिटीला विचारलं, तर कळलं की दगड आता सरकारी आहेत, हलवायला वेगळी परवानगी लागते. उन्हाळ्यात हरिसिंगनं ते कारंजा रस्त्यावरच्या मोरीत घातले. त्याची परवानगी होती.

आईला त्यानं महिनाभर सांगितलंच नाही. आभाळ आहे, प्लेटा संपल्या, असं काहीबाही सांगत होता. शेजारच्या अमीनाबीनं सांगून टाकलं, तेही गावातलं वाक्य: तुझ्या लेकानं अर्ज दिला आणि पाडली. संक्रांतीच्या सुटीला मी गावी आले होते, त्या दिवशी तिथेच होते. सुलतानबी घरात हिंदीच बोलायची. तिनं मुलाला बाजेजवळ बोलावलं आणि एवढंच विचारलं, “दस्तखत किसके?”

“मेरे.”

मी मध्ये पडले. नानाजी, कारकून, माझे वडील, सगळं समजावून सांगायला लागले. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, “बेटी, तू पढ़ी हुई है. दस्तखत तो इसीके हैं ना?”

पुढे दोन वर्षं ती जगली. त्याच्या हातचं खाल्लं, त्याच्याशी बोलली, पण मागितलं काही नाही. शेवटच्या ईदेला त्यानं बाजेसमोर क्यामेरा मांडला. तिनं ओढणी तोंडावर घेतली. “मुझे मत उतार.” तिची तसबीर नाही. गावात कुणालाही सुलतानबीचा चेहरा दाखवायचा म्हटलं तर दाखवता येणार नाही.

गावानं दिलावरचं नाव ‘उतरव्या’ ठेवलं. लग्नाला बोलवायचे, पण आधी कुणीतरी म्हणायचं, मांडव जपा रे. पहिल्या वर्षी तो हसायचा. अडतीस साली त्यानं क्यामेरा विकला आणि बापाच्या भट्टीवर कलईला बसला.

त्रेचाळीस-चव्वेचाळीसला रेशनकार्डं निघाली. मी तेव्हा गावच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते, आणि कार्डांच्या कामाला शिक्षकांना बसवलं होतं. दिलावर रांगेत आला. मी टाक पुढे केला. त्यानं तो घेतला नाही, शाईच्या गादीवर अंगठा दाबला आणि कागदावर उमटवला.

“दिलावरभाई, तुम्हाला सही येते.”

“येते.”

“मग अंगठा कशाला?”

“अंगठ्याचं कोनी इंग्रजी करत नाई.”

शेजारच्या कारकुनानं वर न बघता रकाना भरला: निरक्षर. मी तो खोडायला हात घातला. कारकून म्हणाला, बाई, खाडाखोड चालत नाही, दुरुस्तीला अर्ज लागतो. मी दिलावरकडे पाहिलं. तो कार्ड उचलून रांगेतून निघूनही गेला होता.